शिवसुमन घरी जगवायचं तर: फांदी मिळवण्यापासून फुलापर्यंत, क्रमाने

दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत मला ठरलेले मेसेज येतात. "दादा, शिवसुमनची सगळी पानं गळली, रोज पाणी घालतोय तरी सुधारत नाहीये." बरोबर फोटो असतो, आणि फोटोतली माती बघूनच कळतं की झाड आता फार तर आठवडाभराचं पाहुणं आहे. म्हणून एकदाच सगळं क्रमाने लिहून ठेवतोय. झाड किती महान, नाव कसं पडलं वगैरे इथे काही नाही, ते सगळीकडे वाचायला मिळतं. हे फक्त रोप जगवण्याबद्दल.

एवढं मात्र डोक्यात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे. शिवसुमन म्हणजे शिंदळ माकुडी (शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका, आता बरेच जण बाउसेरोसिया फ्रेरी म्हणतात) सह्याद्रीच्या उभ्या कातळकड्यांवर, बोटभर मातीच्या खाचेत वाढतं. पावसाळ्यात चार महिने धो धो पाणी, पण ते कड्यावरून लगेच निथळून जातं, आणि मग आठ महिने जवळजवळ काहीच नाही. तुमची कुंडी म्हणजे ती खाच. दर वेळी हात झारीकडे गेला की कडा आठवा.

१. रोप कुठून आणायचं

गडावरून नाही. शिवनेरी, पुरंदर ही नावं सगळीकडे छापून आलेली आहेत म्हणून घेतोय, त्यापुढचा पत्ता मी कोणाला सांगत नाही, विचारूही नका. हे झाड जगात फक्त महाराष्ट्रात आणि इथेही मोजक्याच कड्यांवर आहे. शेळ्या खातात, गुराखी पोरं कोवळी फांदी चावून खातात (रसाळ असते), वणवा लागतो, रस्ता रुंद करताना डोंगर कापतात, दरड कोसळते. त्यात आपण ट्रेकला जाऊन "एकच फांदी तर घेतली" म्हणायचं, आणि असे एका सीझनमध्ये शंभर जण.

शिवाय राखीव वनातून काहीही उपटून नेणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ खाली गुन्हा आहे, आणि शिवनेरीसारखे गड संरक्षित स्मारकं आहेत. वनरक्षकाने सॅक उघडायला लावली तर "फांदीच आहे हो साहेब" हे उत्तर चालत नाही.

मग आणायचं कुठून? ज्याच्याकडे आधीच वाढलेलं आहे त्याच्याकडून. फांदीपासून हे झाड सहज होतं, त्यामुळे सक्युलंट (खोडा-पानांत पाणी साठवणारी झाडं) वाढवणाऱ्या लोकांकडे, कॉलेजच्या वनस्पतीशास्त्र विभागात, काही नर्सऱ्यांत ते असतं. मागताना सरळ विचारा, "मूळ रोप कुठून आलं?" उत्तर "आमच्याकडेच फांदीपासून केलंय" असं आलं तर ठीक. उत्तर "डोंगरातून आणलंय, अस्सल आहे" असं आलं तर पैसे खिशात ठेवा आणि घरी या, कारण तुमचे पैसे मिळाले की तो पुढच्या रविवारी परत तिथेच जाणार.

तपासा: डोंगरातून ओरबाडलेलं रोप ओळखता येतं. खोडावर जुने ओरखडे, दगडफूल चिकटलेलं, मुळं तुटलेली, आणि कुंडीतली माती मात्र अगदी नवी. घरी वाढलेली फांदी एकसारखी, स्वच्छ हिरवी-राखाडी असते.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक ओळ: सुट्टीवर आल्यावर बॅगेत घालून नेऊ नका, झाडं नेण्याचे परवाने आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटचं (झाड रोग-किडीमुक्त असल्याच्या सरकारी दाखल्याचं) लफडं असतं आणि विमानतळावर ते सरळ कचऱ्यात जातं. तिकडच्या सक्युलंटवाल्यांकडे हे झाड लागवडीत आहे, तिथे शोधा.

२. हेच ते झाड आहे ना

ही पायरी लोक गाळतात आणि दोन वर्षं भलतंच झाड सांभाळतात. नर्सरीत शिवसुमन म्हणून माकडशिंग विकलेलं मी बघितलंय, आणि स्टॅपेलिया तर कितीदा. दोन्ही याच गोतावळ्यातली सक्युलंट झाडं.

खोड हातात घ्या आणि बोटांत फिरवा. शिवसुमनचं खोड गोल असतं, करंगळीएवढं जाड, गुळगुळीत, कडा नाहीत. माकडशिंग आणि स्टॅपेलियाचं खोड चौकोनी असतं, बोटाला चार धारा लागतात. दुसरी खूण पानं. या गोतावळ्यातल्या बहुतेकांना पानं नावालाच असतात, खवल्यासारखी. शिवसुमनला पावसाळ्यात खरीखुरी, चपटी, जाडसर, एक-दोन इंचांची पानं येतात. फूल साधारण दोन रुपयांच्या नाण्याएवढं, पाच पाकळ्यांच्या चांदणीसारखं, गडद लालसर-तपकिरी आणि त्यावर पिवळे ठिपके. हातभर पसरलेलं केसाळ फूल आलं तर ते स्टॅपेलिया, तेही छान आहे पण हे नाही.

उन्हाळ्यात घेतलंत तर पानं नसणार. तेव्हा फक्त खोड बघा.

३. रोप यायच्या आधी कुंडी तयार हवी

लोक रोप आणतात आणि मग माती शोधत फिरतात, शेवटी शेजारच्या तुळशीच्या कुंडीतली मूठभर माती घेतात. इथेच अर्धी रोपं मरतात.

कुंडी: मातीची, भाजलेली, उथळ. चार-पाच इंच तोंडाची पुरे. मोठी कुंडी नको, कारण मुळं थोडी आणि माती जास्त असली की ती ओलीच राहते. प्लॅस्टिकची असेल तर पाणी निम्म्यावर आणावं लागेल. ग्लेझ केलेली, भोक नसलेली शोपीस कुंडी नकोच. तळाच्या भोकावर जाळीचा तुकडा ठेवा, खापरीचा मोठा तुकडा ठेवून भोक बुजवू नका.

मिश्रण: मी गेली काही वर्षं हे वापरतो,

- मुरूम किंवा बारीक काळी खडी, चाळलेली: ३ भाग
- विटांचे तुकडे, हरभऱ्याएवढे: १ भाग
- जुना कुजलेला पालापाचोळा: १ भाग
- मूठभर कोळशाचे तुकडे

मुरूम चाळायचाच. पिठाच्या चाळणीतून जे खाली पडेल ते फेकायचं, वर राहील ते ठेवायचं, मग बादलीत दोन पाण्यांनी धुवायचं. पहिलं पाणी चहासारखं निघतं, तो सगळा गाळ कुंडीत बसून सिमेंट झाला असता. क्रशरची कच आणलीत तर तीही तशीच धुवा, तिच्यात भुकटीच जास्त असते. खडी नाहीच मिळाली तर परलाइट किंवा प्युमिस (हलके, सच्छिद्र खडे) चालेल, पण मग कुंडी हलकी होते आणि वाऱ्याने पडते.

कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) नको. मी एकदम पोलीसगिरी करतोय असं वाटेल पण कोकोपीट वरून कोरडं दिसतं आणि आत आठवडाभर ओलं राहतं, या झाडाला त्याच्याइतकं वाईट काही नाही. शेणखत, गांडूळखतही सुरुवातीला नको.

तपासा: भरलेल्या कुंडीत तांब्याभर पाणी ओता. चार-पाच सेकंदांत खालून धार लागली पाहिजे. वर तळं साचलं तर पुन्हा चाळा. कंटाळू नका, हे एकदाच करायचंय.

जागा: सकाळचं ऊन तीन-चार तास, दुपारी झिरपती सावली. पूर्वेची बाल्कनी उत्तम. घरात टीव्हीजवळ ठेवायचं हे झाड नाही, तिथे फांद्या सुतळीसारख्या लांबतात आणि फूल कधीच येत नाही.

४. फांदी सुकवणं (हीच पायरी सगळे गाळतात)

योग्य वेळ मे अखेर ते जून, किंवा पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबर. थंडीत फांदी लावू नका, ती झोपलेली असते.

१. ब्लेड नवं घ्या किंवा स्पिरिटने पुसा. भाजीची सुरी नको.
२. तीन-चार इंचांची फांदी, जिथे ती मुख्य खोडाला जोडलेली असते त्या बारीक मानेपाशी कापा. जखम लहान होते.
३. कापल्यावर रुईसारखा पांढरा चीक येत नाही, पाणचट रस येतो. कागदाने टिपा.
४. वर्तमानपत्रावर, सावलीत, हवेशीर जागी आडवी ठेवून द्या. पुण्या-साताऱ्याकडे ५ ते ७ दिवस, मुंबई-कोकण-गोव्यात १० दिवससुद्धा लागतात.

पाच दिवस झाड असंच टेबलावर ठेवायचं म्हटलं की लोकांचा जीव खालीवर होतो. होऊ द्या. या फांदीच्या पोटात पाणी आहे, तिला काही होत नाही. उलट ताजी जखम ओल्या मातीत गेली की तिथूनच बुरशी आत शिरते.

तपासा: कापलेल्या टोकावर बोट फिरवा. कागदासारखं कोरडं, किंचित आत गेलेलं, फिकट पांढरं-तपकिरी लागलं पाहिजे. जरासुद्धा चिकट असेल तर अजून दोन दिवस.

५. लावणं आणि पहिलं पाणी

मिश्रण पूर्ण कोरडं असताना लावायचं. फांदीचं टोक एक-दीड सेंटिमीटरच आत, बाकी फांदी बाजूला कलती किंवा चक्क आडवी ठेवली तरी चालतं, जिथे टेकते तिथून मुळं सुटतात. निसर्गातही ती कड्यावरून लोंबत किंवा खडकाला टेकूनच वाढते, खांबासारखी उभी करायचा अट्टाहास नको. हलत असेल तर दोन खडे टेकवा.

आणि आता पाणी घालायचं नाही. पुन्हा सांगतो, लावल्या लावल्या पाणी घालायचं नाही. सहा-सात दिवसांनी पहिलं पाणी, कडेकडेने, दोन-तीन चमचे. नंतर दर पाच-सहा दिवसांनी तेवढंच. मुळं धरायला तीन ते पाच आठवडे.

इथे एक फसवणूक आहे. दोन आठवड्यांत शेंड्याला पानाचे हिरवे कोंब दिसतात आणि आपण खूश होऊन पाणी वाढवतो. ते कोंब फांदी स्वतःच्या साठ्यावर काढत असते, खाली एकही मूळ नसू शकतं. खरी खूण वेगळी आहे: फांदीला बोटाने अगदी हलका धक्का द्या. डुगडुगली तर मुळं नाहीत, मातीला धरून राहिली तर आहेत. उपटून बघू नका. माझ्या भाच्याने दर रविवारी उपटून बघितलं होतं, चार रविवार.

६. वर्षभराचं पाणी

पहिलं रोप माझंही असंच गेलं. डिसेंबर होता, पानं पिवळी पडून एकेक गळत होती, आई म्हणाली, "अरे वाळत चाललंय ते, पाणी घाल की जरा," आणि तिने माया म्हणून तांदूळ धुतलेलं पाणीही घातलं दोन-तीनदा. मी पण घातलं. जानेवारीत एक दिवस कुंडी हलवली तर फांदी आडवी झाली, जमिनीलगतचा भाग पिकलेल्या केळ्यासारखा मऊ, बोट लावलं तर साल सुटून आलं आणि आंबूस वास. वरचा शेंडा मात्र तेव्हाही हिरवागार होता, म्हणून तर कळलं नाही.

थंडीत पानं गळणं हा या झाडाचा रोजचा कारभार आहे. आजार नाही. पानं गेली की पाणी पिणारं कोणी नाही, माती ओली राहते, मूळ कुजतं. पुण्याच्या हवेत मी साधारण असं ठेवतो:

- जून ते सप्टेंबर: माती पूर्ण सुकली की भरपूर. सहसा ४-६ दिवसांनी. उघड्यावर पावसात ठेवलं तरी घाटमाथ्यावर, देशावर चालतं, पण मिश्रण वर सांगितलं तसंच हवं. कोकणात आणि मुंबईत सलग झडीत आडोशाला घ्या.
- ऑक्टोबर-नोव्हेंबर: ८-१० दिवसांनी. फुलं असतील, तरीही वाढवू नका.
- डिसेंबर ते फेब्रुवारी: पानं गळाली की तीन आठवड्यांनी अर्धी वाटी. नाही घातलं तरी मरत नाही.
- मार्च ते मे: १५-२० दिवसांनी थोडंसं, संध्याकाळी. खोडावर उभ्या सुरकुत्या पडतात, तेवढ्या पडू द्या. खोड सुतळीसारखं बारीक व्हायला लागलं तरच थोडं जास्त.

मे अखेरीस हवेत दमटपणा आला की शेंड्याला कोंब फुटतात, पाऊस पडायच्या आधीच. तिथून पाणी हळूहळू वाढवा, एकदम नाही.

तारखा पाळू नका, माती बघा. अगरबत्तीची जळून उरलेली काडी कुंडीत तळापर्यंत घाला, पाच मिनिटांनी काढा. काडी गार, गडद किंवा कण चिकटलेले असले तर आज पाणी नाही. कोरडी आली तर घाला. मीटरबीटर काही लागत नाही.

सावधान: सुट्टीवर जाताना शेजारच्या काकूंना किल्ली देता तेव्हा या कुंडीबद्दल मुद्दाम सांगा. त्या प्रेमाने सगळ्या झाडांना सारखंच पाणी घालतात. त्यापेक्षा कुंडी कपाटावर ठेवून जा. महिनाभर काही होत नाही.

७. कुजायला लागलं तर

वेळीच दिसलं तर वाचतं, पण त्याच दिवशी हात घालावा लागतो, "रविवारी बघू" चालत नाही.

१. रोप कुंडीतून काढा. माती फेकून द्या, दुसऱ्या झाडाला वापरू नका.
२. मऊ-काळ्या भागाच्या वर बोटभर, निरोगी वाटतो तिथे कापा.
३. कापलेली चकती बघा. आत कुठेही तपकिरी ठिपका किंवा वर्तुळ दिसलं तर आणखी वर कापा. दर कापाला ब्लेड पुसा, नाहीतर रोग आपणच वर नेतो.
४. पूर्ण स्वच्छ फिकट हिरवी चकती येईपर्यंत कापत राहा. शेवटी एक इंचाचा तुकडा उरला तरी हरकत नाही.
५. हळद किंवा दालचिनीची पूड लावतात लोक, मीही लावतो, पण खरं काम सुकवण्याचं आहे. आता १० दिवस.
६. पुन्हा पायरी ५ पासून, धुतलेल्या कुंडीत.

थंडीत असं झालं तर तुकडा कागदावर तसाच फेब्रुवारी अखेरपर्यंत ठेवला तरी चालतो. माझा एक जवळजवळ दोन महिने पुस्तकांच्या कपाटावर होता, मार्चमध्ये लावला, जूनमध्ये पान आलं.

८. किडी

मुख्य शत्रू पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग. फांद्यांच्या बेचक्यात कापसाचे ठिपके दिसले की इअरबड स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसा, चार दिवसांनी परत. कुंडीवर मुंग्यांची रांग असेल तर बहुतेक वेळा मिलीबग असतात, दिसत नसेल तर मुळांवर शोधा. नीम तेल संध्याकाळी मारा, उन्हात मारलं तर खोडावर डाग पडतात. पावसाळ्यात गोगलगाय कोवळे शेंडे खाते, रात्री टॉर्च घेऊन बघा.

९. फूल, शेंग, बी

पाऊस ओसरायला लागला की, म्हणजे ऑगस्ट अखेरपासून पुढे, फुलं. पहिल्या वर्षी न आल्यास झाडाला शिव्या देऊ नका, बहुतेक वेळा ऊन कमी पडलेलं असतं. खताचा मोह होतो तेव्हा पाव डोसचं पातळ खत जुलैत एकदा, बास. नायट्रोजन जास्त झालं की खोड फुगतं, मऊ होतं आणि कुजतं.

फुलावर माश्या येतील, हाकलू नका, परागीभवन त्याच करतात. नाक अगदी जवळ नेलंत तर वास काही खास नाही, हे आधीच सांगतो.

शेंगा लागल्या तर जोडीने, शिंगांसारख्या. उकलायच्या आधी त्यावर पातळ जाळी किंवा मोज्याचा तुकडा बांधा, बियांना रुईसारखा रेशमी झुपका असतो, एका दुपारच्या वाऱ्यात सगळं बी शेजारच्या सोसायटीत. बी ताजंच पेरायचं, त्याच धुतलेल्या मिश्रणावर, वर फक्त बारीक खडीचा थर.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एकाच रोपाच्या फांद्यांपासून तुम्ही दहा कुंड्या केल्यात तरी ते दहा नाहीत, एकच झाड आहे दहा ठिकाणी ठेवलेलं. बी हवं असेल तर वेगळ्या मूळ रोपाची फांदी कोणाकडून तरी अदलाबदल करून आणा, दोन्ही कुंड्या शेजारी ठेवा.

१०. वाढलेली रोपं गडावर नेऊन लावू नका

दर जूनमध्ये कोणीतरी उत्साहाने विचारतं, "आमच्याकडे १५ रोपं झालीत, ग्रुप घेऊन गडावर लावून येऊ का?" हेतू चांगला आहे, तरी नको. तुमचं रोप कुठल्या कड्यावरच्या वंशाचं आहे ते तुम्हाला माहीत नाही, तिथल्या मूळ झाडांशी त्याची सरमिसळ होईल. कुंडीतले मिलीबग आणि बुरशी फुकट तिकडे जातील. आणि कड्यावर दोरीला लटकून खड्डे खणताना जी दोन जुनी रोपं पायाखाली जातील ती कोणी मोजणार नाही. पुनर्लागवड करायची तर ती वनविभागाच्या परवानगीने, वंश माहीत असलेल्या रोपांतून, पुढे काही वर्षं नोंदी ठेवत करायची असते. मदत करायचीच असेल तर पुण्यातलं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र किंवा तुमच्या जवळच्या विद्यापीठाचा वनस्पतीशास्त्र विभाग, तिथे विचारा.

ट्रेकला जंगलातलं शिवसुमन दिसलंच तर फोटो लांबून काढा, कड्याच्या कडेला पालथं पडून मॅक्रो नको, खालची माती सुटते. फोटो टाकण्याआधी मोबाईलचं लोकेशन बंद आहे का बघा, आयनॅचरलिस्टवर (निसर्गातल्या नोंदी टाकायची वेबसाइट) टाकत असाल तर ठिकाण "ऑब्स्क्युअर्ड" करा, म्हणजे नेमकी जागा दिसत नाही, आणि मागे ओळखू येणारा बुरूज किंवा टाकं येत असेल तर फोटो क्रॉप करा. कॉमेंटमध्ये "कुठल्या गडावर?" असं कोणी विचारलं तर "सह्याद्रीत" एवढंच.

जास्तीच्या फांद्या वाटा, भरपूर वाटा. प्रत्येक फांदीबरोबर एक चिठ्ठी द्या: कोणाकडून आली, कुठल्या वर्षी, मूळ ठिकाण माहीत असेल तर ते. प्लॅस्टिकच्या आइस्क्रीम चमच्यावर पेन्सिलने लिहून कुंडीत खोचलेलं सगळ्यात टिकतं, मार्करची शाई उन्हात दोन महिन्यांत उडते. माझ्याकडच्या तीन कुंड्या अशाच बिननावाच्या झाल्यात, आता त्या कोणाच्या कोणाला माहीत.